दोन आणि चार

आरतीत टाळी कुठे द्यायची हे आपल्याला कुणी शिकवत नाही. चार मात्रा मनात मोजल्या तर ती एकवर पडते, फार उत्साह असेल तर तीनवरही. रॉक ऐकत वाढलेल्या माणसाची टाळी मात्र दोनवर आणि चारवर पडते. पायाखालचा बास ड्रम एक आणि तीनवर धम्म करतो, डाव्या हाताखालचा स्नेअर दोन आणि चारवर फाडकन वाजतो. या उलट्या वजनाला बॅकबीट म्हणतात. मागच्या प्रकरणात आपण गिटारबद्दल पुष्कळ बोललो. पण गिटार काढून घेतली तरी रॉक ओळखू येतं. हा ठोका काढला की ओळखणं अवघड होतं.

डिसेंबर १९४९ मध्ये न्यू ऑर्लीन्सला फॅट्स डॉमिनोचं ‘द फॅट मॅन’ ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा ड्रमवर अर्ल पामर होता. लहानपणी टॅप डान्स करून कमावणारा, पुढे जॅझमध्ये रमलेला माणूस. त्या शहरातल्या जॅझवाल्यांची एक रीत होती. गाणं शेवटच्या फेरीला आलं, सगळ्यांना चेव चढला, की ड्रमर दोन आणि चारवर ठोकायला लागायचा. पामरने शेवटची ती मस्ती पहिल्या ओळीपासूनच सुरू केली. पुढे लिटल रिचर्डच्या गाण्यांमागेही तोच बसला, आणि एका पिढीने नाचताना पाय कधी आपटायचा हे त्याच्याकडून उचललं.

ड्रमसेट म्हणजे एका माणसात बसवलेलं ढोल-ताशा पथक. बास ड्रम हा ढोल, स्नेअर हा ताशा, आणि झांजा तर झांजाच. पूर्वी बँडमध्ये ही कामं वेगवेगळी माणसं करत. १९०९ मध्ये शिकागोच्या लडविग बंधूंनी पायाने चालणारं चपळ पेडल बाजारात आणलं आणि ढोलवाला पायात गेला. विसाच्या दशकात हाय-हॅट आली: एकमेकींवर तोंड करून बसवलेल्या दोन झांजा, डाव्या पायाने उघडझाप करायच्या. चार हातपाय, चार कामं. त्यामुळे ड्रमर किती मोठा हे ठरवताना बहुतेकांची नजर त्या कसरतीवर जाते. कोण किती वेगात वाजवतो, कुणाचा सोलो वीस मिनिटांचा, कुणाच्या भोवती किती ड्रम मांडलेले. सर्कशीला गुण द्यावेत तसे गुण दिले जातात.

माझी कसोटी साधी आहे. हा माणूस उठून गेला तर बाकीच्यांचं काय होईल?

या कसोटीवर माझ्या यादीत पहिलं नाव जॉन बोनमचं येतं. इंग्लंडमधल्या रेडिच गावचा हा मुलगा पाच वर्षांचा असताना कॉफीच्या डब्यांवर वाजवायचा. दहाव्या वर्षी आईने स्नेअर आणून दिला, पंधराव्या वर्षी वडिलांनी पूर्ण सेट. शाळा सुटल्यावर वडिलांच्या बांधकामाच्या धंद्यात सुतारकी. शिकवणी अशी नाहीच. १९६८ मध्ये तो लेड झेपलिनमध्ये आला, आणि पुढच्याच वर्षीच्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्याच गाण्याने, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ने, ड्रमर मंडळींची झोप उडाली. त्यात बास ड्रमवर तीन-तीनच्या तुकड्यांत ठोके पडतात, इतके पटापट की दोन बास ड्रम असणार असंच ऐकणाऱ्यांना वाटलं. होता एकच. पेडलही एकच, पायही एकच.

पण बोनम समजून घ्यायचा तर हे गाणं बाजूला ठेवून दोन वर्षं पुढे, हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या इमारतीत जावं लागतं. १७९५ साली गोरगरिबांना ठेवण्यासाठी बांधलेली ही तीनमजली वास्तू. झेपलिनने चौथ्या अल्बमसाठी ती घेतली आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा ध्वनिमुद्रणाचा ट्रक आणून उभा केला. जिन्याच्या तळाशी, उंच मोकळ्या चौकात, बोनमचा नवा लडविग सेट लागला. त्या काळची स्टुडिओतली रीत अशी की प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी माइक लावायचा आणि खोलीचा घुमारा शक्य तितका मारायचा. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने उलटं केलं. वरच्या मजल्यावरून, जिन्याच्या पोकळीत, दोन माइक लटकवले. बस. त्या अल्बममधल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’च्या सुरुवातीला जो ऐकू येतो तो त्या जिन्याचा आवाज आहे.

या गोष्टीचं श्रेय लोक जिन्याला देतात, आणि तिथे माझा त्यांच्याशी वाद आहे. दोन माइक एवढ्या लांबून सगळं एकत्र टिपत असतील, तर बास ड्रम किती मोठा, स्नेअर किती, झांज किती, हे नंतर कुणाला फारसं दुरुस्त करता येत नाही. ते प्रमाण वाजवणाऱ्याने वाजवतानाच सांभाळायचं. सव्वीस इंची बास ड्रमवरचा पाय आणि स्नेअरवरचा हात एकमेकांना गिळत नाहीत, झांज दोघांच्या डोक्यावर बसत नाही, हे सगळं बोनमच्या अंगातच झालेलं होतं. आणि लय? मिनिटाला सत्तरच्या आसपास मात्रा. म्हणजे दोन मात्रांमध्ये पाऊण सेकंदापेक्षा जास्त मोकळी जागा. एवढी जागा दिसली की हात शिवशिवतात. काहीतरी भरावंसं वाटतं. बोनम तिथे थांबतो, आणि स्नेअर किंचित, केसभर उशिरा टाकतो. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाची ही भानगड आहे. ती मोजायला यंत्र लागतं, पण जाणवायला मान पुरते. आपली मान आपोआप मागे जाते.

१९८६ मध्ये न्यू यॉर्कच्या बीस्टी बॉइजनी आपल्या पहिल्या अल्बमच्या सुरुवातीलाच हा ठेका उचलून वापरला. त्यानंतर तो किती जणांनी उचलला याची गणती कठीण.

त्याच चौथ्या अल्बममध्ये ‘फोर स्टिक्स’ नावाचं गाणं आहे. नावाचं कारण सरळ आहे: बोनमने त्यात दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरल्या. ताल पाच आणि सहा मात्रांमध्ये अडखळत, लंगडत जातो. १९७२ मध्ये झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी हे गाणं पुन्हा मुद्रित केलं. बोनम नव्हता. चार काठ्यांचं काम तबलजींच्या बोटांवर आलं. हे मुद्रण पुढे चाळीस वर्षांहून जास्त काळ पडून राहिलं आणि २०१५ मध्ये ‘कोडा’ अल्बमच्या नव्या आवृत्तीत ‘फोर हँड्स’ या नावाने बाहेर आलं. दोन्ही मुद्रणं पाठोपाठ ऐकावीत. मुंबईत गाणं जमिनीवरून उचललं जातं, हलकं होतं. मूळ मुद्रणात ते जमिनीत रोवलेलं आहे. मला दोन्ही आवडतात. पण गाणं कशावर उभं होतं हे दुसरं ऐकल्यावर पहिल्यात कळतं.

आता रिंगो स्टार. याच्याबद्दल एक विनोद फिरतो, जॉन लेननच्या तोंडी घातलेला, की रिंगो जगातला सोडाच, बीटल्समधलासुद्धा सर्वांत चांगला ड्रमर नव्हता. लेनन असं म्हणाल्याचा पुरावा नाही. बीटल्सच्या इतिहासकारांनी माग काढला तर हा विनोद १९८१ मध्ये बीबीसी रेडिओच्या एका विनोदी कार्यक्रमात सापडला, म्हणजे लेननची हत्या झाल्यानंतर. तरी तो अजून लेननच्याच नावावर खपतो, कारण रिंगो कसरत करत नाही आणि कसरत न करणाऱ्याला लोक साधा समजतात.

लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतला हा मुलगा. सहाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने मरता मरता वाचला, तेराव्या वर्षी क्षयाने रुग्णालयात गेला. तिथे मुलांचा वेळ जावा म्हणून बँड होता. त्यात त्याच्या हाती ड्रम आला आणि पुढे सुटला नाही. जन्माचा डावखुरा. आजीला ते अशुभ वाटे, तिने त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं. आपल्याकडेही अशा आज्या कमी नव्हत्या. पुढे तो ड्रमवर बसला तो उजव्या हाताच्या लोकांसाठी मांडलेल्या सेटवर. इथेच सगळी गंमत आहे. ओळ संपताना ड्रमर टॉम नावाच्या ड्रमांवरून एक लहानशी गिरकी घेतो, तिला फिल म्हणतात. उजवा माणूस ती उजव्या हाताने सुरू करतो आणि डावीकडून उजवीकडे सहज वाहत जातो. रिंगोचा डावा हात आधी निघतो. मग दोन्ही हात एकमेकांत अडकू नयेत म्हणून त्याला क्षणभर थांबावं लागतं, किंवा वाट बदलावी लागते. त्या अडचणीतून त्याच्या गिरक्यांना एक वेगळाच बोबडा डौल आला. ‘कम टुगेदर’ची सुरुवात आठवा: टॉमवर घरातले भांडी पुसायचे टॉवेल टाकून वाजवलेला तो दबका, घरंगळणारा ठेका. गाणं लेननचं असलं तरी पहिली ओळख त्या टॉवेलखालच्या आवाजाने होते.

त्याची सुरुवात मात्र अपमानाने झाली. ऑगस्ट १९६२ मध्ये तो बीटल्समध्ये आला. सप्टेंबरमध्ये ‘लव्ह मी डू’ मुद्रित करताना निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मंडळींना त्याच्या वाजवण्याची खात्री वाटेना. ११ सप्टेंबरला त्यांनी अँडी व्हाइट नावाचा पगारी ड्रमर बसवला आणि रिंगोच्या हातात खंजिरीसारखी टॅम्बोरिन दिली. दोन्ही मुद्रणं बाजारात आली. ओळखायची खूण सोपी आहे: टॅम्बोरिन ऐकू आली तर ड्रमवर रिंगो नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत मात्र रिंगो चुकला म्हणून गाणं पुन्हा घ्यावं लागलं, असं क्वचितच घडलं. स्वतःचं सर्वांत चांगलं वाजवणं म्हणून तो १९६६ च्या ‘रेन’चं नाव घेतो. सोलो? बीटल्सच्या अख्ख्या संसारात एकच, ‘ॲबी रोड’च्या शेवटाकडे, आणि तोही मित्रांनी मागे लागून वाजवून घेतलेला.

चार्ली वॉट्सला तर सोलोचा तिटकाराच होता. जॅझवेडा, उत्तम शिवलेले सूट घालणारा, मूळचा ग्राफिक डिझायनर. जानेवारी १९६३ पासून तो रोलिंग स्टोन्समध्ये होता आणि ऑगस्ट २०२१ मध्ये वारला तोपर्यंत राहिला. दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात झोपला तिथल्या पलंगाचं रेखाचित्र काढायची त्याची सवय होती. त्याच्या हातांकडे पाहा. उजवा हात हाय-हॅटवर सतत चालू असतो, पण दोन आणि चारवर, स्नेअर वाजायच्या क्षणी, तो हात वर उचलला जातो. बहुतेक ड्रमर त्या क्षणी दोन्ही वाजवतात. वॉट्स हाय-हॅटला गप्प करतो आणि स्नेअरला एकट्याने बोलू देतो. एवढंच. पण एवढ्याने गाण्यात दर दुसऱ्या मात्रेला खिडकी उघडते.

शिवाय स्टोन्सचा कारभार उलटा. बहुतेक बँड ड्रमरच्या मागे जातात. इथे कीथ रिचर्ड्सची गिटार पुढे, वॉट्स तिच्या मागे. सगळं किंचित डुगडुगतं आणि पडत मात्र नाही. आणि त्याचा स्वभाव कळायला एक गोष्ट पुरेशी आहे. १९६९ च्या ‘लेट इट ब्लीड’ अल्बममधल्या ‘यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट’ला हवा तसा ठेका त्याच्या हातून येईना. निर्माता जिमी मिलर ड्रमवर बसून त्याला दाखवायला लागला, आणि अखेर मिलरनेच ते वाजवावं असं ठरलं. तेच मुद्रण अल्बमवर आहे. किती ड्रमर आपली खुर्ची अशी देतील?

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे कमी वाजवणारा तो थोर. मग ‘द हू’च्या कीथ मूनचं काय करायचं? तो माझ्या सगळ्या सिद्धान्तावर पाणी ओततो. हाय-हॅटकडे त्याचं फारसं लक्षच नसे. ठेका धरून बसणं त्याला कंटाळवाणं वाटे. गायक ओळ गात असतानाच हा टॉमवरून कोसळत असायचा. इतर बँडमध्ये गिटार नाचते आणि ड्रम उभा राहतो. इथे पीट टाउनशेंडची गिटार ठेका धरायची आणि ड्रम नाचायचा. गोंधळ वाटतो, पण लक्ष देऊन ऐकलं तर मून शब्दांच्या मागे जातो आहे हे कळतं: जिथे गायक श्वास घेतो तिथे त्याची लाट फुटते. १९७१ च्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये तर आधीच मुद्रित केलेल्या सिंथेसायझरच्या टेपबरोबर वाजवायचं होतं. टेप कुणासाठी थांबत नाही. मून रंगमंचावर कानाला हेडफोन चिकटपट्टीने बांधून बसायचा आणि त्या यंत्राच्या शिस्तीत आपला धुडगूस बिनचूक घालायचा.

नोव्हेंबर १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये तो नशेत ड्रमवरच आडवा झाला. टाउनशेंडने प्रेक्षकांना विचारलं, कुणाला वाजवता येतं का? एकोणीस वर्षांचा एक मुलगा वर चढला आणि शेवटची तीन गाणी त्याने निभावली. गोष्ट मजेची म्हणून सांगतात. मला ती ऐकताना पाच वर्षं पुढचं दिसतं: ७ सप्टेंबर १९७८, दारू सुटावी म्हणून दिलेल्या गोळ्यांचा अतिरेक, वय बत्तीस. ‘द हू’ने केनी जोन्सला घेतलं. जोन्स सरळ, पक्का, भरवशाचा ड्रमर. बँड चालू राहिला आणि तरी तो बँड राहिला नाही.

कॅनडाच्या ‘रश’चा नील पिअर्ट हा दुसऱ्याच जातीचा: अभ्यासू, बँडची गाणी लिहिणारा, एकेक ठोका आधी ठरवून ठेवणारा. तो मला फार भिडत नाही, हे कबूल करतो. पण चाळिशी उलटल्यावर, जगातले असंख्य तरुण त्याची नक्कल करत असताना, आपलं वाजवणं ताठर झालं आहे असं त्याला वाटलं. तो फ्रेडी ग्रुबर या वृद्ध गुरूकडे गेला आणि काठी धरायच्या पद्धतीपासून पुन्हा शिकला. त्यापुढे माझ्या आवडीनिवडीला काय किंमत!

आणि डेफ लेपर्डचा रिक ॲलन. ३१ डिसेंबर १९८४ ला शेफील्डजवळ मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला. वय एकवीस. तुम्हाला आठवत असेल, स्नेअर डाव्या हाताखाली असतो. म्हणजे त्याचे दोन आणि चारच गेले. रुग्णालयात पडल्या पडल्या तो पायाने ठेका धरू लागला, आणि त्यातून कल्पना निघाली. इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि डाव्या पायाखाली पेडलांची रांग. एका पेडलवर स्नेअर. बँडने दुसरा ड्रमर शोधला नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या मैदानात तो पुन्हा वाजवायला बसला. पुढच्या वर्षी आलेला ‘हिस्टेरिया’ हा त्यांचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम. त्यातला रुंद, सावकाश, जागा सोडत जाणारा ठेका त्या पायाला जमेल असाच आहे, आणि गाणी त्या ठेक्यावर बेतलेली आहेत.

ड्रमर मंडळी उसनवारीत मात्र निर्लज्ज. टोटोच्या ‘रोझॅना’वर, १९८२ मध्ये, जेफ पोरकारोने एक झुलता ठेका वाजवला. त्यात बर्नार्ड पर्डीच्या शफलमधले स्नेअरवरचे कुजबुजते, अर्धे ठोके आहेत, बोनमच्या ‘फूल इन द रेन’ची चाल आहे आणि बो डिडलीचा बास ड्रम आहे. पोरकारोनेच हे खुलेआम सांगितलं. निर्वाणाच्या डेव्ह ग्रोलने तर त्याच्याही पुढे जाऊन कबूल केलं की ‘नेव्हरमाइंड’वरचं आपलं वाजवणं डिस्को आणि फंकच्या बँडांकडून उचललेलं आहे. रागीट ग्रंजच्या पोटात नाचायचं संगीत निघालं.

२५ सप्टेंबर १९८० ला बोनम दारूने गेला. मूनसारखा तोही बत्तीसचाच. ४ डिसेंबरला झेपलिनने निवेदन काढून बँड थांबवला. जुलै १९८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘लाइव्ह एड’मध्ये उरलेले तिघे एकत्र आले, तेव्हा ड्रमवर एक सोडून दोन बसले: फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्पसन. दोघेही अव्वल. त्यांचा कार्यक्रम इतका फसला की पुढे तो डीव्हीडीवर घ्यायला झेपलिनने परवानगी दिली नाही.

त्यानंतर १० डिसेंबर २००७ ला लंडनला ते पूर्ण मैफल वाजवायला उभे राहिले. पहिलं गाणं ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’ होतं, तेच एका पायाच्या तीन-तीन ठोक्यांचं. ड्रमवर जेसन बोनम होता. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.